सांगोला: ७६८ मतांचं प्रकरण

सांगोल्यात शेतकरी कामगार पक्ष २०१९ साली का हरला, याचं तयार उत्तर सोलापूर जिल्ह्यात कुठेही मिळतं: "आबासाहेब उभे नव्हते ना!" आबासाहेब म्हणजे इथून अकरा वेळा निवडून आलेले शेकापचे गणपतराव देशमुख. उत्तर खोटं नाही. पण निकालाचे आकडे मांडून बसलं की ते तोकडं पडतं, कारण त्या निवडणुकीत शेकापची मतं घटली नव्हती. उलट वाढली होती. मतं वाढूनही पन्नास वर्षांची जागा ७६८ मतांनी हातची गेली. ती का गेली आणि पाच वर्षांनी परत कशी आली, ते इथे मांडलं आहे.

ज्यांनी निवडणूक लढवली त्यांचीच नावं घेतली आहेत. बूथवरचे कार्यकर्ते, मोजणीचे एजंट, उमेदवारीसाठी पुढे येऊन मागे राहिलेली माणसं यांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

पार्श्वभूमी

सांगोला हा विधानसभेचा २५३ क्रमांकाचा मतदारसंघ. अख्खा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ मिळून तो झाला आहे. लोकसभेला तो माढ्यात येतो. पाऊस बेभरवशाचा, माण नदीचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं. ज्वारी, मेंढरं आणि अलीकडच्या काही दशकांत डाळिंब. शेजारच्या माळशिरस-माढ्याकडे राजकारण साखर कारखान्याभोवती फिरतं. इथे ते फिरलं पाण्याभोवती आणि सूतगिरणीभोवती. आटपाडीला भरणाऱ्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने गणपतराव देशमुखांचं नाव घेतलं जाई, ते उगाच नाही.

गणपतराव म्हणजेच आबासाहेब. पेशाने वकील. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, १९६७ ला पुन्हा. १९७२ ला इंदिरा लाटेत काँग्रेसने राज्यात २७० पैकी २२२ जागा घेतल्या, त्यात सांगोलाही गेलं. दोन वर्षांनी, १९७४ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी ते परत मिळवलं. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पराभव. पुढे १९९९, २००४, २००९ आणि २०१४. एकूण अकरा विजय, दोन पराभव. मधे दोनदा मंत्रिपद: एकदा १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, एकदा १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात. तरी एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख शेवटपर्यंत टिकली.

(एका मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम त्यांच्या नावावर आहे, असं सर्रास छापून येतं. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले आणि पुथुपल्लीतून ओमन चंडी बारा वेळा. आबासाहेबांचं मोठेपण या विक्रमावर उभं नाही, तेव्हा तो त्यांच्या नावावर खपवायचीही गरज नाही.)

या यादीत १९९५ पाशी जरा थांबायला हवं. राज्यात त्या साली काँग्रेस सत्तेवरून गेली आणि युती आली. सांगोल्यात मात्र काँग्रेस जिंकली! चिकमहूदच्या शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवलं. ९७ माणसांनी मत फिरवलं असतं तर निकाल उलटा लागला असता. आबासाहेबांना हरवता येतं हे तालुक्याने त्या दिवशी पाहिलं. पुढच्या विजयांखाली ते झाकलं गेलं, तरी शहाजीबापू ते विसरले नव्हते. दुसऱ्या विजयासाठी त्यांना २४ वर्षं वाट पाहावी लागली. पक्ष बदलले, पराभव पचवले, पण त्यांनी मतदारसंघ सोडला नाही.

२०१४ ला सगळे मोठे पक्ष राज्यात वेगवेगळे लढले. सांगोल्यात गणपतरावांना ९४,३७४ मतं पडली, शिवसेनेकडून उभ्या असलेल्या शहाजीबापूंना ६९,१५०. फरक २५,२२४ मतांचा. तेव्हा आबासाहेब ८८ वर्षांचे होते.

प्रश्न

प्रश्न २०१९ ला उभा राहिला असं म्हणतात. खरं तर तो २०१४ च्या निकालाच्या रात्रीच उभा होता, फक्त गुलालात कुणाला दिसला नाही. ८८ वर्षांचा माणूस निवडून आला आहे, पुढची निवडणूक पाच वर्षांवर आहे. पुढे कोण?

पक्षाची राज्यातली ताकद तोवर रायगड आणि सांगोला एवढ्यावर आली होती. २०१४ ला तीन आमदार: सांगोला, अलिबाग, पेण. अशा पक्षात एखाद्या जागेचा वारस ठरवणं हा नुसता तालुक्याचा मामला राहत नाही. आणि सांगोल्याचं मत 'शेकापचं' किती आणि 'आबासाहेबांचं' किती, हे कधी वेगळं मोजलंच गेलं नव्हतं. तेरा निवडणुका एकच माणूस लढल्यावर ते मोजायचं तरी कसं?

दुसरा प्रश्न शांतपणे वाढत होता. शहाजीबापूंचा गट एका बाजूला आणि जवळ्याच्या दीपकआबा साळुंखे-पाटलांचा, म्हणजे राष्ट्रवादीचा, गट दुसऱ्या बाजूला, अशी तालुक्यातल्या बिगर-शेकाप राजकारणाची दोन टोकं होती. ती एकमेकांपासून लांब होती तोवर शेकाप निवांत होता.

समोरचे पर्याय

२०१९ च्या उन्हाळ्यात पक्षापुढे ढोबळमानाने चार वाटा होत्या.

गणपतरावांनीच पुन्हा उभं राहावं, ही पहिली. वय ९३. कार्यकर्त्यांचा आग्रह होता, पण त्यांनी वयाचं कारण देऊन नकार दिला. त्यांनी हो म्हटलं असतं तर कदाचित जागा राहिली असती आणि पेच पाच वर्षं पुढे ढकलला गेला असता. जुलै २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं, म्हणजे दोन वर्षांत पोटनिवडणूक लागली असती.

घराबाहेरचा, पण पदरी साधनं असलेला उमेदवार ही दुसरी वाट. घराणेशाहीवर टीका करत आलेल्या डाव्या पक्षाला तत्त्व म्हणून हीच शोभली असती. अडचण एवढीच की असा माणूस पाच वर्षं गावोगाव फिरलेला हवा. आयत्या वेळी आणलेला उमेदवार पाहुणा वाटतो.

तिसरी वाट घरातल्या नव्या पिढीची. मतदाराला नाव ओळखीचं, कार्यकर्त्याला भांडायला जागा नाही. पण मत मागताना "आजोबांकडे बघून द्या" यापलीकडे काय सांगायचं?

चौथी वाट उमेदवाराबद्दल नव्हतीच. उमेदवार कोणीही असो, आधी समोरची दोन टोकं एकत्र येणार नाहीत याची तजवीज करायची. राज्यात शेकाप काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीसोबत होता, सांगोल्यात राष्ट्रवादीशी सोबत जुनी होती. बोलणी मुंबईत झाली की तालुक्यात आपोआप झाली, असं धरून चालणं सोपं होतं. माझ्या मते इथेच पहिली चूक झाली. पहिल्या तीन वाटांवर रात्री जागवल्या गेल्या आणि चौथी गृहीत धरली गेली.

काय केलं

पक्षाने आधी दुसरी वाट धरली. एका उद्योजकाचं नाव जाहीर झालं. कार्यकर्त्यांत नाराजी उसळली आणि नाव बदलून गणपतरावांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी देण्यात आली.

दोन्ही निर्णय वेगवेगळे पाहिले तर समर्थनीय आहेत. घातक ठरलं ते एकामागून एक दोन्ही घेणं, आणि तेही तेव्हा. त्या निवडणुकीचं वेळापत्रकच पाहा: २७ सप्टेंबरला अधिसूचना, ४ ऑक्टोबरला अर्जाची शेवटची तारीख, ७ ला माघार, १९ ला संध्याकाळी प्रचार बंद, २१ ला मतदान. माघारीपासून प्रचाराला मिळाले बारा दिवस. मतदारसंघात शंभरच्या आसपास गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या. त्यात नव्या उमेदवाराने एकेका वस्तीवर अर्धा तास दिला तरी दिवस पुरत नाहीत. शिवाय पहिल्या नावासाठी कामाला लागलेल्यांची समजूत काढण्यात गेलेला वेळ वेगळाच.

तिकडे दीपकआबांनी आपलं बळ शहाजीबापूंच्या मागे उभं केलं. शहाजीबापूंकडे शिवसेनेचं चिन्ह होतं, युती होती आणि आता तालुक्यातला दुसरा मोठा गटही होता. १९९५ नंतर प्रथमच बिगर-शेकाप मत एका पेटीत पडायला निघालं.

निकाल

२४ ऑक्टोबर २०१९. मोजणीचं दालन बाहेरून जेवढं नाट्यमय वाटतं तेवढं आत नसतं. आधी टपाली मतं, मग टेबलांवर कंट्रोल युनिट येतात. जाळीपलीकडे बसलेले एजंट सील पाहतात, १७-क नमुन्याच्या प्रतीवरची एकूण मतं जुळवतात, अधिकारी रिझल्टचं बटण दाबतो आणि उमेदवारांचे आकडे एकेक करून पडद्यावर येतात. एजंट पेनाने टिपतो: या बूथवर आपले ३४१, त्यांचे ३१८. पुढचं यंत्र. हजारोंच्या फरकाने लागणाऱ्या निकालात हे कागद दुपारी चहाचे कप ठेवायला वापरले जातात. शेकड्यांच्या फरकात मात्र ते जपून घरी नेले जातात.

शहाजीबापू ९९,४६४. डॉ. अनिकेत ९८,६९६. फरक ७६८.

मतदान केंद्रं ढोबळमानाने तीनशे धरली तर केंद्रामागे अडीच मतं. ३८५ जणांनी मत फिरवलं असतं तर पुरे होतं. मतदान सोमवारी होतं. पुण्याला कंपनीत असलेली एका वस्तीवरची तीन पोरं रविवारी रात्रीच्या गाडीला बसली की नाही, इतक्यावर हा हिशोब येतो. म्हणूनच एवढ्या निसटत्या पराभवानंतर प्रत्येकाकडे आपापलं कारण तयार असतं, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं बरोबरच असतं. ७६८ मतं कुठल्याही एका कारणाने जाऊ शकतात.

म्हणून मी ७६८ बाजूला ठेवून २०१४ शी तुलना केली. शेकाप ९४,३७४ वरून ९८,६९६ वर गेला, म्हणजे ४,३२२ मतं वाढली. शहाजीबापू ६९,१५० वरून ९९,४६४ वर, वाढ ३०,३१४. पहिल्या दोघांच्या मतांत मिळून ३४,६३६ ची भर पडली आणि तिच्यातल्या दर आठ मतांतली सात एकट्या शहाजीबापूंकडे गेली. थोडक्यात, आबासाहेबांचा मतदार नातवाकडे बऱ्यापैकी शाबूत पोहोचला. जे बदललं ते पलीकडे बदललं. उमेदवारीचा घोळ झाला नसता तर ७६८ भरून निघाले असते, हे मला मान्य आहे. पण २५ हजारांची आघाडी त्या घोळाने खाल्ली नाही. ती समोरच्या मनोमीलनाने खाल्ली.

त्या निवडणुकीत शेकापचा राज्यात एकच आमदार आला, तोही लोह्यातून. अलिबाग, पेण, सांगोला तिन्ही गेलं.

पुढची पाच वर्षं

जून २०२२ मध्ये शहाजीबापू एकनाथ शिंदेंबरोबर गुवाहाटीला गेले. तिथून फोनवर बोललेलं "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" राज्यभर वाजलं आणि सांगोला हे नाव पहिल्यांदाच दुष्काळासाठी किंवा डाळिंबासाठी न घेता कशासाठी तरी घेतलं गेलं. प्रसिद्धी अफाट होती. मतांच्या हिशोबात तिचा उपयोग किती, हे नंतर दिसलं.

२०२४ ला निर्णयाचे तीन प्रसंग आले आणि या खेपेला ते तीन वेगवेगळ्या दारांत होते.

पहिला देशमुखांच्या घरात. डॉ. अनिकेत आणि त्यांचे चुलतभाऊ डॉ. बाबासाहेब, दोघांचीही नावं चर्चेत. तिढा होताच, पण तो सुटला आणि बाबासाहेब उमेदवार झाले. ७६८ मतांनी हरलेल्या माणसाने पुढच्या खेपेला थांबणं सोपं नसतं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत अवघड निर्णय होता, आणि बातम्यांत त्याला सर्वांत कमी जागा मिळाली.

दुसरा महायुतीत. विद्यमान आमदार शिंदे गटाचा, म्हणून जागा त्यांची. दीपकआबा तेव्हा अजित पवारांच्या राष्ट्रवादीत होते, म्हणजे ज्यांना २०१९ ला निवडून आणलं त्यांच्यासाठी पुन्हा थांबणं एवढंच त्यांच्या वाट्याला उरलं. ऑक्टोबरमध्ये ते उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेत गेले आणि उमेदवारी घेऊन आले.

तिसरा महाविकास आघाडीत. शेकाप आघाडीचा घटक होता, लोकसभेला माढ्यात आघाडीसोबत होता आणि सांगोल्यावर त्याचा दावा जुना होता. ठाकरे गटाचं म्हणणं असं की २०१९ ला ही जागा शिवसेनेने जिंकली, म्हणून ती आमची. कागदावर सूत्र ठीक. पण ती जागा जिंकणारा माणूस आता समोरच्या बाजूला होता, आणि ज्या पक्षाला अकरा वेळा निवडून दिलं त्याला मतदारसंघ विसरला नव्हता. बोलणी फिसकटली. बाबासाहेब आघाडीच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध उभे राहिले.

निकाल २३ नोव्हेंबरला लागला. बाबासाहेब १,१६,२५६. शहाजीबापू ९०,८७०. दीपकआबा ५०,९६२. राज्यभर महायुतीची लाट असताना सांगोल्यात शेकाप २५,३८६ मतांनी जिंकला. राज्यातली पक्षाची ती एकमेव जागा.

आता पुन्हा तयार उत्तर हजर: मतविभागणी झाली म्हणून शेकाप आला. शहाजीबापू आणि दीपकआबांची मतं मिळून १,४१,८३२, म्हणजे शेकापपेक्षा जास्त, हे खरं. पण बेरीज इतकी सरळ लागत नाही. दीपकआबा उभे नसते आणि त्यांची मतं या दोघांतच वाटली गेली असती, तर जिंकायला शहाजीबापूंना त्या ५०,९६२ पैकी ३८,१७५ मतं लागली असती. चारातली तीन! २०१९ ला ते शक्य होतं. २०२४ ला दीपकआबांकडे गेलेल्यांत मशालीकडे, म्हणजे ठाकरे गटाच्या चिन्हाकडे, बघून मत देणारेही होते आणि त्यांच्यातले सगळे शिंदे गटाकडे वळले असते, असं म्हणणं धाडसाचं आहे. शिवाय शहाजीबापूंची मतं पाच वर्षांत ८,५९४ नेच घटली, शेकापची १७,५६० ने वाढली. विभागणीने दार उघडलं हे नक्की. आत शिरायला लागणारी मतं शेकापने स्वतः आणली.

वेगळं काय करता आलं असतं

शेकापने २०१४ ते २०१९ ही पाच वर्षं वाया घालवली, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला पुढे आणायचं त्याला जिल्हा परिषदेत, सूतगिरणीत, पाण्याच्या आंदोलनात दिसू द्यायला हवं होतं. मग नाव घरातलं की बाहेरचं हा वाद अर्जाच्या आठवड्यात झाला नसता. आबासाहेब असताना वारसाचं बोलणं अशुभ वाटतं, हे मी समजू शकतो. आमच्याकडे वाटणीपत्रसुद्धा माणूस अंथरुणाला खिळल्यावरच निघतं.

दुसरं, १९९५ चा निकाल पक्षाने अपघात म्हणून विसरून टाकला. १९२ मतं ही धोक्याची घंटा होती. एकच विरोधक, एकच पेटी, आणि आबासाहेब स्वतः उभे असूनही पराभव. हे डोक्यात असतं तर २०१९ ला तालुक्यातल्या राष्ट्रवादीशी बोलणी मुंबईवर सोपवली गेली नसती.

शहाजीबापूंच्या बाजूने पाहिलं तर चूक नेमकी तीच, फक्त उलट्या दिशेने. ज्याच्या बळावर जिंकलो त्याला पाच वर्षांत काहीतरी द्यावं लागतं. विधान परिषद, महामंडळ, निदान पुढच्या खेपेचा शब्द. ते जमलं असतं तर लढत सरळ झाली असती. निकाल बदललाच असता असं मात्र वरचा हिशोब सांगत नाही.

आघाडीबद्दल थोडक्यात: जागा गेल्या निवडणुकीत कोणाच्या चिन्हावर आली यापेक्षा मतदार कोणाचा आहे हे पाहायला हवं होतं. आपल्याच मित्राविरुद्ध उभा केलेला उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला.

शेवटी एक योगायोग. २०१४ ला आजोबा २५,२२४ मतांनी जिंकले, २०२४ ला नातू २५,३८६ मतांनी. दोन्हींत अंतर १६२ मतांचं. ऐकायला छान वाटतं, कार्यकर्ते भाषणात वापरतातही. पण आजोबांच्या विजयात दुसऱ्या क्रमांकाला ६९,१५० मतं होती. नातवाच्या समोर १,४१,८३२ मतं दोन पेट्यांत वाटलेली पडली आहेत, आणि त्या पेट्यांचे धनी, एक चिकमहूदचे, एक जवळ्याचे, एकाच तालुक्यात राहतात.